गाडीच्या रंगाचे टवके घरच्या घरी कसे बुजवावेत

मुंबई-गोवा महामार्गावरून गाडी नियमित जात-येत असेल, तर बॉनेटच्या पुढच्या कडेवर एकदा नीट नजर टाका. दोन-तीन मिलिमीटरचे करडे-पांढरट ठिपके हमखास दिसतील. रस्त्याच्या कामाची मोकळी खडी, पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला दगड, घाटात समोरून वेगात आलेला ट्रक, यांनी उडवलेले हे रंगाचे टवके. बंपर, आरशांचं कव्हर, काचेच्या वरची छताची कड आणि चाकांच्या मागचा भाग या त्यांच्या ठरलेल्या जागा. दाराच्या कडांवरचे टवके मात्र दगडाने उडत नाहीत. ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या खांबाने किंवा गाडीने दिलेले असतात.

एवढ्याशा ठिपक्याकडे दोन टोकांनी बघितलं जातं. काही जण वर्षानुवर्षं लक्षच देत नाहीत. काही जण गॅरेजमध्ये जाऊन अख्खं बॉनेट रंगवून घेतात. कंपनीतल्या भट्टीत चढलेला मूळ रंग हा गाडीवरचा सगळ्यात टिकाऊ रंग असतो. चार ठिपक्यांसाठी तो घासून काढणं मला अजिबात पटत नाही. विम्यातून करून घ्यावं म्हटलं, तर तेही महागात पडतं. दावा न केल्याबद्दल नूतनीकरणाच्या वेळी मिळणारी सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि पुढे २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढते. एक दावा केला की ती पुन्हा शून्यावर येते. शिवाय प्रत्येक दाव्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये आपल्या खिशातून जातातच.

घरी बसून हे काम नीट होतं. फक्त एक गोष्ट पक्की करा: आपल्याला पत्रा रंगवायचा नाही, खड्डा भरायचा आहे. खड्ड्याच्या बाहेर पडलेला प्रत्येक थेंब जास्तीचा. पुढच्या सगळ्या कृती याच एका विचारावर उभ्या आहेत.

टवका किती खोल गेला आहे

आजच्या गाड्यांवर साधारण चार थर असतात. पत्र्याला लागून विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी. त्यात क्लिअरचा वाटा ४० ते ५० मायक्रॉनचा आणि खऱ्या रंगाचा जेमतेम १५ ते २०. हे आकडे डोक्यात असले की पुढे पेपर घासताना हात आपोआप हलका राहतो.

टवका धुवून कोरडा करा आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका टाकून भिंगातून बघा. वरून साधा ठिपका वाटतो, पण भिंगाखाली त्याचे थर उघडे दिसतात. बाहेरच्या काठावर क्लिअरची पांढरट, तडकलेली किनार, तिच्या आत रंगाचं बारीक कडं, मग प्रायमरची करडी कडा आणि मधोमध पत्र्याची चमक किंवा तपकिरी डाग.

मधे नुसता करडा किंवा काळपट थर दिसत असेल आणि पत्रा दिसत नसेल, तर काम सोपं. खाली गंजरोधक थर शाबूत आहे, फक्त रंग भरायचा. पत्रा उघडा पडला असेल तर प्रायमर लागणारच. तपकिरी डाग असेल तर आधी गंज काढायचा. आणि ओरखडा पाण्याने ओला केल्यावर दिसेनासा होत असेल, नखालाही अडकत नसेल, तर तो फक्त क्लिअरवर आहे. तिथे रंग लावूच नका, नुसत्या पॉलिशने तो जातो.

गॅरेजला कधी न्यायचं? टवक्याभोवतीचा रंग फुगून आला असेल, नखाने दाबल्यावर पोपडा सुटत असेल, तर गंज रंगाखालून पसरला आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरचा रंग उचलतो. वरून दिसतो त्यापेक्षा आत तो मोठा असतो. पोचा आलेला असेल, टवका बोटाच्या पेराहून मोठा असेल किंवा एकाच पॅनेलवर वीस-पंचवीस टवके दाटीने असतील, तरीही डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडेच जा.

रंगाचा कोड शोधा

‘पांढरा द्या’ असं सांगून टचअपचा रंग घेऊ नका. एकाच कंपनीचे दोन-तीन पांढरे असतात. सुझुकीचा सुपीरियर व्हाइट २६यू या कोडचा, सिल्की सिल्व्हर झेड२एस या कोडचा. असा कोड प्रत्येक गाडीवर कुठेतरी लिहिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरचा स्टिकर, बॉनेटखालची धातूची पट्टी, ही नेहमीची ठिकाणं. सापडला नाही तर चासी नंबर घेऊन कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर जा, ते त्यावरून सांगतात.

रंग दोन प्रकारे मिळतो. कंपनीच्या अ‍ॅक्सेसरीजमध्ये ब्रश असलेली छोटी बाटली किंवा पेन, काही शे रुपयांत. त्यात रंग आणि क्लिअर अशी जोडी असली तर उत्तम. दुसरा मार्ग म्हणजे गाड्यांचे रंग मिसळून देणारं दुकान. कोड दिला की ते ५०-१०० मिलिलिटर करून देतात. गाडी सात-आठ वर्षं उन्हात उभी राहिली असेल, तर कोड बरोबर असूनही रंग किंचित वेगळा दिसेल. अशा वेळी हे दुकान बरं, कारण गाडीचं इंधनाचं झाकण काढून नेलं तर चांगला माणूस ते समोर ठेवून छटा जुळवून देतो.

घरी आल्यावर पहिली चाचणी गाडीवर नको. जाड पांढऱ्या कागदावर रंगाचे दोन हात द्या, वाळल्यावर अर्ध्या भागावर क्लिअर द्या आणि तो कागद उन्हात गाडीला लावून बघा. रंग ओला असताना एक छटा दिसते, वाळल्यावर दुसरी आणि क्लिअर चढल्यावर तिसरी. तुलना करायची ती क्लिअर चढलेल्या भागाशी.

कुठल्या रंगाकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही आताच समजून घ्या. साधा पांढरा, साधा लाल, साधा काळा, यांत दुरुस्ती सहज मिसळून जाते. सिल्व्हर आणि करड्या मेटॅलिकमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. कंपनीत फवाऱ्याने ते आडवे, सारखे बसतात. ब्रशने वा काडीने भरलेल्या थेंबात ते वाटेल तसे पडतात, म्हणून ठिपका एका कोनातून जुळतो आणि दुसऱ्या कोनातून गडद दिसतो. मोत्यासारखी झाक असलेल्या पांढऱ्यात तर बऱ्याचदा पांढरा तळ, त्यावर अभ्रकाचा थर आणि मग क्लिअर अशी तीन पायऱ्यांची रचना असते. त्या रंगाच्या दोन बाटल्या येतात, एकीवर भागत नाही. या रंगांत चार फुटांवरून ठिपका नजरेत आला नाही की काम उत्तम झालं म्हणायचं.

सामान

रंग, क्लिअर आणि छोटी प्रायमरची बाटली सोडली तर बाकी सगळं किरकोळ आहे. लाकडी टूथपिकचं पाकीट, चित्रकलेच्या दुकानातला शून्य-शून्य नंबरचा ब्रश, मास्किंग टेप, तीन-चार स्वच्छ मायक्रोफायबर कापडं. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवूनही वापरता येणारा घासायचा कागद, १०००, २००० आणि ३००० नंबरचा, एकेक तुकडा पुरतो. ३००० चा तिथे नसला तर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळेल. लॅकर थिनरची छोटी बाटली, रबिंग कंपाउंड, बारीक पॉलिश. गंज असेल तर गंज-परिवर्तक द्रव. हातात नायट्राइलचे हातमोजे.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ते सहज मिळतं. सॅनिटायझर वापरून बघावं असं कुणी सुचवेल, पण त्यात ग्लिसरीन असतं. त्याचा चिकट थर मागे राहिला की रंग धरत नाही. पेट्रोल-रॉकेलचंही तेच. डांबराचे ठिपके काढायला रॉकेल चालेल, पण त्यानंतर शाम्पूने धुवून अल्कोहोलने पुसल्याशिवाय रंगाला हात लावू नका.

नेलपॉलिशचा सल्ला घराघरांत दिला जातो. तो पाळू नका. छटा जुळत नाही, उन्हात तो थर पिवळा पडून तडकतो आणि नंतर खरा टचअप करायच्या आधी तो आतून खरवडून काढावा लागतो.

दिवस आणि जागा निवडा

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सगळ्यात छान होतं. पावसाळ्यात हवेत ओलावा असतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमतं आणि रंग-क्लिअरवर पांढरट धुकं धरतं. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास. उन्हातल्या बॉनेटवर हात ठेववत नाही, थेंब पडताक्षणी वरून साय धरतो आणि आतला थिनर अडकून पुढे बुडबुडा होतो. थंडीतही सकाळी लवकर नको. दव वाळून पत्रा कोमट होऊ द्या. दहा ते चारच्या दरम्यान, सावलीत, वारा नसलेल्या जागी गाडी लावा. पावसाळा तोंडावर असताना उघडा पत्रा दिसला आणि सुक्या दिवसाची वाट बघणं शक्य नसेल, तर जागा पुसून-वाळवून त्यावर नुसता प्रायमर लावून ठेवा. रंग दसऱ्यानंतर करा. कोकणात, समुद्राकाठी राहणाऱ्यांनी तर ही तात्पुरती सोय जरूर करावी, कारण खारी हवा गंजाचा वेग फार वाढवते.

थिनर पटकन पेट घेतो. बंद गॅरेजमध्ये, उदबत्ती किंवा शेगडीजवळ हे काम नको. दोन डब्यांचं, हार्डनर मिसळायचं क्लिअर घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. काडीच्या टोकाने लावायचं एका बाटलीचं क्लिअर आपल्याला पुरतं.

धुणं

गाडी शाम्पूने धुवा. फक्त या वेळेला, दुरुस्तीच्या जागेपुरता भांडी घासायचा साबण चालेल, कारण तिथलं जुनं मेण काढायचंच आहे. बोअरचं खारं पाणी असेल तर थेंब अंगावर वाळू देऊ नका. टवक्याच्या खळग्यात पाणी साचून राहतं. वरून पुसलं तरी ते आत असतं. हवा भरायच्या हातपंपाने किंवा केसांच्या ड्रायरच्या थंड हवेने ते उडवा आणि अर्धा तास थांबा.

आता टूथपिकच्या टोकाने खळग्याचा काठ तपासा. क्लिअरची सुटलेली कपची लागलीच निघून येते. ती निघाली पाहिजे, नाहीतर तिच्याखाली भरलेला रंग तिच्यासकट पुढच्या पावसात उडेल. जे घट्ट बसलं आहे ते मात्र उचकटू नका. शेवटी अल्कोहोलचा बोळा खळग्यावरून एकाच दिशेने फिरवा आणि पाच-दहा मिनिटं वाळू द्या. यानंतर त्या जागेला उघडं बोट लावायचं नाही.

गंज असेल तर

बारीक तपकिरी डागासाठी १००० नंबरच्या वॉटर पेपरचा चार-पाच मिलिमीटरचा गोल कापून तो टोक न केलेल्या पेन्सिलच्या चपट्या टोकाला चिकटवा. त्याने फक्त खळग्याच्या तळाशी फिरवून घासा. टवका याहूनही लहान असेल तर काच-तंतूंचं खरवडणीचं पेन मिळतं, ते चांगलं. तळ चकचकीत होईपर्यंत घासा. मात्र गंज नसलेला, नुसता उघडा पत्रा उगाच खरवडू नका. कित्येक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो आपला मित्र आहे.

पत्र्याच्या छिद्रांत थोडी तपकिरी झाक राहिलीच, तर तिथे गंज-परिवर्तक वापरा. टॅनिक आम्लाचा असेल तर तो गंजाशी संयोग पावून काळा, स्थिर थर तयार करतो. फॉस्फोरिक आम्लाचा असेल तर लोहफॉस्फेटचा करडा थर. टूथपिकने एक थेंब तळाला लावा, काठावर आलेला लगेच टिपून घ्या, बाटलीवर लिहिलेला वेळ पाळा आणि सांगितलं असेल तसं पुसा. गंज खरवडून झाल्यावर जागा तशीच ‘उद्या करू’ म्हणून सोडू नका. दमट हवेत उघड्या लोखंडावर रात्रीत पुन्हा तपकिरी झाक येते.

प्रायमर

पत्रा दिसत असेल तरच. टूथपिकवर अगदी थोडा प्रायमर घ्या आणि तळाच्या मध्यावर टेकवा. तो आपोआप काठाकडे पसरतो. तळ झाकला गेला की थांबा, खळगा प्रायमरने भरायचा नाही. वर रंगाला आणि क्लिअरला जागा उरली पाहिजे. काठाबाहेर गेलेला प्रायमर ओला असतानाच अल्कोहोल लावलेल्या काडीने टिपा. तासभर वाळू द्या, घाई नसेल तर रात्रभर.

रंग भरणं

बाटली दोन मिनिटं पूर्ण हलवा. मेटॅलिकला याहून जास्त. आतली गोळी खडखडत असली तरी पापुद्रे तळाशी चिकटून बसलेले असतात, म्हणून ती उलटी धरूनही हलवा. मग झाकणातला ब्रश बाजूला ठेवा. त्या ब्रशवर चार टवक्यांना पुरेल एवढा रंग येतो आणि नेमका त्यानेच बहुतेकांचा टचअप बिघडतो. दोन मिलिमीटरच्या खळग्यावर पाच मिलिमीटरचा गोळा बसतो आणि मूळच्या टवक्यापेक्षा तोच जास्त नजरेत भरतो.

काचेच्या तुकड्यावर किंवा जुन्या झाकणात दोन-तीन थेंब काढा. रंग दाट वाटला तर थिनरचा अर्धा थेंब मिसळा. आता टूथपिकचं टोक त्यात फक्त एक-दीड मिलिमीटर बुडवा. टोकाला लोंबणारा थेंब दिसत असेल तर तो झाकणाच्या कडेला टेकवून कमी करा. नुसतं ओलं टोक राहिलं पाहिजे. मनगट गाडीवर टेकवा, त्याखाली मऊ कापड असू द्या, आणि टोक खळग्याच्या मध्यावर आणा. पत्र्याला टोचू नका. रंगाचा स्पर्श झाला की तो टोक सोडून स्वतः तळावर उतरतो आणि काठापर्यंत जातो. पृष्ठताण तुमचं काम करतो. काडी उचला. एवढंच. ‘आणखी थोडं’ म्हणून पुन्हा टेकवायचा मोह इथेच आवरायचा असतो.

हा पहिला हात वाळला की निराशा होते, कारण तो खाली बसलेला दिसतो. ते तसंच व्हायला हवं. रंगातला मोठा भाग थिनर असतो, तो उडून गेल्यावर उरतो तो पातळ थर. अर्ध्या-पाऊण तासाने दुसरा हात, तसाच. खळगा खोल असेल तर तिसरा, चौथा. एकदम भरलेला जाड थेंब वरून वाळतो आणि आतून मऊ राहतो. मग काही आठवड्यांनी मधोमध खड्डा पडतो किंवा कडेने भेग जाते. चार पातळ हात दुपारभर जातात, पण ते टिकतात.

लांबट ओरखडा खोल असेल तर टूथपिकऐवजी बारीक ब्रश घ्या आणि रेघ ओढण्याऐवजी ओरखड्यात एकापुढे एक ठिपके टेकवत चला. ते आपसांत मिळतात. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावायची असेल तर शेवटचा हात ओला असतानाच ती काढा, नाहीतर टेपच्या कडेशी रंगाची उभी भिंत राहते.

रंग कुठे थांबवायचा? काठापासून किंचित खाली. उरलेली उंची क्लिअरची. बाटलीवर ‘क्लिअरची गरज नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मात्र काठाच्या जरासा वर येईपर्यंत भरा.

गोळा झालाच तर

रंग काठावर चढला, आजूबाजूला पसरला, तरी घाबरून जायचं कारण नाही. कंपनीतला रंग सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो. त्यातले रेणू एकमेकांत जोडले गेलेले असतात आणि थिनरचा ओझरता स्पर्श त्याला विरघळवत नाही. टचअपचा रंग मात्र नुसता हवेत वाळलेला असतो, तो थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. या फरकाचाच फायदा घ्यायचा.

जुनं एटीएम कार्ड घ्या. त्यावर जुन्या सुती बनियनचा एक पदर ताणून गुंडाळा, सुरकुती राहता कामा नये. कापडाला थिनरचे दोन थेंब लावा. ओलं नको, दमट हवं. रंग लावून तास-दोन तास झालेले असावेत. आता कार्डाची कड सपाट धरून गोळ्यावरून एकदा, हलक्या हाताने ओढा. कापडावर रंगाची पुसट रेघ येईल. कापडाची जागा बदला, पुन्हा एकदा ओढा. वर आलेला रंग पुसला जातो. कापड ताणलेलं असल्यामुळे ते खळग्यात शिरत नाही आणि आतला रंग तिथेच राहतो. बोटावर कापड गुंडाळून हे करू नका. बोट मऊ असतं, ते खळग्यात दबून सगळा रंग बाहेर काढतं.

एक सावधगिरी: ते पॅनेल आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये रंगवलेलं असेल आणि स्वस्तातलं लॅकर मारलेलं असेल, तर थिनर तोही रंग विरघळवेल. म्हणून दाराच्या आतल्या कडेवर, न दिसणाऱ्या जागी आधी चाचणी घ्या. कापडाला रंग लागला तर ही युक्ती तुमच्यासाठी नाही.

क्लिअर

रंगाचा शेवटचा हात किमान चार-पाच तास, जमल्यास रात्रभर वाळू द्या. क्लिअरही टूथपिकनेच, त्याच पद्धतीने, दोन-तीन हात. शेवटचा थेंब काठाच्या किंचित वर, फुगीर राहू द्या. तो बसणार आहे आणि नंतर घासून सपाटही करायचा आहे.

त्यानंतर गाडीवर कव्हर घालू नका, दोन दिवस धुऊ नका. झाडाखाली लावू नका, कबुतरांच्या वळचणीखाली तर मुळीच नको. ताज्या क्लिअरवर विष्ठा पडली तर तिचा डाग आत उतरतो.

सपाट करणं

इथपर्यंत आलात तर गंजाचा बंदोबस्त झालेला आहे. पुढचं सगळं दिसण्यासाठी. ज्यांना उंचवटा खटकत नाही त्यांनी इथेच थांबावं आणि मी तरी बंपरच्या खालच्या बाजूला, चाकांच्या मागे इथेच थांबा असंच सांगेन. बॉनेटच्या मधोमध किंवा ड्रायव्हरच्या दारावर ठिपका असेल तर पुढे जा.

किमान तीन-चार दिवस थांबा, आठवडा झाला तर आणखी चांगलं. २००० नंबरच्या वॉटर पेपरचा सहा-सात मिलिमीटरचा गोल पेन्सिलच्या टोकाला चिकटवा, वाटीत शाम्पूचं पाणी घ्या, पेपर दहा मिनिटं भिजू द्या. ठिपक्याच्या चारही बाजूंना थोडी जागा सोडून टेप लावा, म्हणजे पेपर निसटला तरी आजूबाजूला रेघ पडणार नाही. आता फक्त उंचवट्यावर हलका, छोटा गोल फिरवा. पाच-सहा वेळा फिरवलं की पुसा आणि बघा. पेपर लागलेली जागा मंद दिसते, न लागलेली चमकते. उंचवट्याचा मध्य आधी मंद होतो, मग ते मंद वर्तुळ काठाकडे वाढत जातं. ते मूळ क्लिअरला टेकलं की तिथल्या तिथे थांबा.

पाण्याचा रंग बघत राहा. दुधाळ पांढरं पाणी म्हणजे क्लिअर कापला जातो आहे, ठीक आहे. त्यात गाडीचा रंग उतरायला लागला तर तुम्ही क्लिअरच्या खाली गेला आहात. थांबा, पुसा आणि क्लिअरचा आणखी एक हात द्या. ज्यांच्या रंगावर क्लिअरच नाही, त्यांच्या पाण्यात रंग पहिल्यापासून येणार, तिथे हा इशारा लागू नाही. पॅनेलच्या दुमडीवर, कडेवर, ठसठशीत रेषेवर मूळ क्लिअर सगळ्यात पातळ असतो. अशा जागी पेपर लावूच नका.

मग टेप काढून ३००० नंबरने त्याच जागी थोडं फिरवा. मंदपणा आणखी बारीक होतो. शेवटी मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड घेऊन मध्यम दाबाने आडवं-उभं चोळा, चकाकी परत येईपर्यंत. त्यावर बारीक पॉलिश. मेण किंवा कोटिंग महिनाभराने लावा, तोवर आतला उरलेला थिनर निघून जाऊ दे.

बंपर आणि दाराच्या कडा

बंपर प्लास्टिकचा असतो, तो गंजत नाही, त्यामुळे घाई नाही. पण प्लास्टिकवर साधा प्रायमर धरत नाही. काळं प्लास्टिक उघडं पडलं असेल तर प्लास्टिकसाठीचा प्रायमर घ्या. पार्किंग सेन्सरच्या गोल चकतीवर रंग चढवू नका. काही नव्या गाड्यांत बंपरमागे रडार असतं. त्यासमोरच्या भागावर रंगाचे जाड थर नकोत, तिथे कंपनीला विचारूनच काय ते करा.

दाराच्या कडेवर टूथपिकचा थेंब ओघळतो. तिथे ब्रश वापरा, दार उघडं ठेवून पातळ हात द्या आणि पूर्ण वाळेपर्यंत बंद करू नका, नाहीतर रबराला चिकटेल. वाळल्यावर कडेला पारदर्शक रबरी पट्टी लावली तर पुढचे टवके वाचतात.

पुढचे टवके कमी करायचे असतील तर

खडी वाहणाऱ्या डंपरच्या मागे राहू नका. अंतर वाढवा किंवा सुरक्षित जागा मिळाल्यावर पुढे निघून जा. मडफ्लॅप नसतील तर बसवून घ्या. चाकांच्या मागचे टवके आपल्याच टायरने उडवलेल्या दगडांचे असतात. सिरॅमिक कोटिंगने दगड अडतो असं सांगून ते विकलं जातं, पण तो थर फारच पातळ असतो. त्याने धुणं सोपं होतं, टवका थांबत नाही. दगड खरोखर झेलते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉन जाडीची. अख्ख्या गाडीला ती महाग पडते. बॉनेटचा पुढचा भाग, बंपर आणि आरसे एवढ्यालाच लावून घेतली तर खर्च आवाक्यात राहतो. मात्र तिच्याखाली टवका बुजवून, महिनाभर वाळू देऊन मगच ती लावा.

दसऱ्याला गाडीला हार घालतो तेव्हा त्यात तार असेल तर ती काढून टाका. महामार्गावर वाऱ्याने हार बॉनेटवर आपटत राहतो आणि तारेचं टोक क्लिअर खरवडतं. त्याच दिवशी गाडी धुताना टॉर्च घेऊन पुढच्या कडेवरून एक फेरी मारा. पावसाळा नुकताच संपलेला असतो, नवे तपकिरी ठिपके तेव्हाच कळतात आणि काम करायला पुढचे चार महिने कोरडे मिळतात.

उरलेला रंग जपून ठेवा. बाटलीच्या तोंडाशी रंग राहिला तर झाकण नीट बसत नाही आणि सहा महिन्यांत आत गोळा होतो. म्हणून थिनरच्या कापडाने तोंड पुसून झाकण घट्ट लावा, वर कोड आणि खरेदीची तारीख लिहा. ती गाडीच्या कप्प्यात नको, उन्हात आतलं तापमान फार चढतं. घरात, थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.